बाबांच्या डाव्या हातातला माउस

घाबरू नका, मी उंदीर बोलतोय, पण कुरतडणारा नव्हे. मला दात नाहीत, पाय नाहीत. पोटात एक रबरी गोळी, पाठीवर दोन बटणं आणि मागे लांब शेपूट. त्या शेपटीचं टोक कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसलेलं. म्हणजे माझं जग किती, तर शेपूट पुरेल तेवढं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. डोळे उघडले ते थेट दुकानात, थर्माकोलच्या खाचेत. दुकानदाराने मला बाहेर काढून एका बाईंच्या हातात दिलं. त्यांना सगळे ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणतो.

"आवळून धरायचा नाही हं ताई," दुकानदार म्हणाला. "चिमणी धरावी तसा धरा. खालच्या पॅडवरची जागा संपली की उचलायचा आणि पुन्हा मधोमध ठेवायचा. उचललात की पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही."

"आणि बिघडला तर?"

"बिघडत नाही हो, मळतो! पोटाचं झाकण फिरवायचं, गोळी काढून पुसायची, आतल्या चाकांवरचा मळ काडीने खरवडायचा. ओलं फडकं मात्र आत घालू नका."

ताई घरबसल्या टायपिंगची कामं घ्यायची. जुना टाइपरायटर काढून तिने कॉम्प्युटर घेतला होता. घर दोन खोल्यांचं. टेबल मावलं ते बाबांच्या खोलीत.

बाबा म्हणजे ताईचे वडील. इमारतींचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. मग एक दिवस झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. दवाखान्यातून आणल्यावर त्यांची खाट दाराजवळ टाकली, न्हाणीघर जवळ पडावं म्हणून. त्यामुळे खिडकी गेली डोक्यामागे आणि डोळ्यांसमोर आली कोरी भिंत.

डावा हात तेवढा शाबूत होता. त्याची मूठ वळून ते बाजूच्या भिंतीवर बुक्के मारायचे. ताई काम टाकून उठायची.

"काय हवंय बाबा? पाणी देऊ? पोटात दुखतंय का?"

ते नाही म्हणून मान हलवायचे. तिने तेच पुन्हा विचारलं की घशातून एक आवाज काढायचे आणि हाताशी असेल ती वाटी भिरकावून द्यायचे. ताई मुकाट्याने फरशी पुसायची. टेबलावर बांधलेला मी ते बघायचो. वाटायचं, या घरात माझ्यासारखा आणखी एक आहे. फरक एवढाच, की माझ्या आत सांगायचं असं काही नव्हतं.

ताईचा थोरला भाऊ दुसऱ्या गावी राहायचा. तो फोनवर जे बोलायचा ते ताईच्या उत्तरांवरून कळायचं. "नाही रे दादा, त्यांना कळतं सगळं... मला वाटतं तरी तसं... हो, वाटी फेकली आजही." मग ती तिकडचं ऐकत राहिली. "बरं. महिनाअखेर ये. पाहून ठेवलं असशील तर चांगलंच असेल ते शुश्रूषागृह."

फोन ठेवून ती कामाला बसली, पण बाण काही जागचा हलेना. माझ्या पोटात खाटेवरच्या गोधडीचे तंतू जाऊन बसले होते. तिने मला उताणा केला, झाकण फिरवलं, तर गोळी निसटून टेबलावरून जी उडाली ती बाबांच्या अंथरुणात. बाबांनी ती झडप घालून पकडली.

"द्या ना बाबा."

त्यांनी मूठ आणखी घट्ट केली आणि हनुवटीने टेबलाकडे खूण केली. एकदा, दोनदा.

"तुम्हाला चालवून बघायचाय?"

त्यांनी डोळे मिटून उघडले. ताईने मग वेळ लावला नाही. तंतू काढून गोळी माझ्या पोटात परत बसवली. पाठीला उशा लावून त्यांना बसवलं, टेबल ओढून खाटेला भिडवलं. डावरा माणूस मला धरतो तेव्हा माझ्या बटणांची कामं अदलाबदल करता येतात. तशी सोय कॉम्प्युटरमध्येच असते. ती तिने केली. पाठोपाठ दोनदा दाबायचं असतं तो वेगही अगदी मंद केला.

बाबांचा हात पाठीवर पडला आणि मी दबलोच. चिमणी कसली, दगड! बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन अडकला, आणि बाबाही.

"उचला. हं, आता मध्ये ठेवा. घाई नाही."

पुढचे दिवस आम्ही दोघांनी एकमेकांना सहन केलं. हळूहळू हात हलका झाला. ताईने कॉम्प्युटरवरचा चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडून दिला. रेघा वेड्यावाकड्या यायच्या, बाबा चिडायचे. मग ताईने कॉम्प्युटरसोबत आलेल्या पुस्तिकेत वाचून काढलं की कीबोर्डवरचं शिफ्टचं बटण दाबून ओढलं तर रेघ सरळ येते. बाबांचा दुसरा हात चालत नव्हता, म्हणून बटण तिने दाबलं. रेघ सुतासारखी सरळ आली. त्या दिवशी वाटी फेकली गेली नाही.

दादा आला तो भाड्याची गाडी घेऊनच. ताई बाबांचे कपडे पिशवीत भरत होती, दर कपड्याला थांबत होती. बाबांनी भिंतीवर बुक्का मारला आणि माझ्याकडे बोट केलं.

"पाच मिनिटं दे त्यांना," ताई म्हणाली.

बाबांनी चौकोन काढला. एका बाजूला दार, दार उघडतं ती कमान. दुसऱ्या बाजूला खिडकी. आत टेबल, दारालगत खाट.

"वा, आपली खोली! छान काढलीय," दादा म्हणाला, लहान मुलाला म्हणावं तसं. "चला बाबा, गाडी उभी आहे."

बाबांनी जागा सोडली नाही. ताईने शिकवल्याप्रमाणे त्यांनी खाटेभोवती ठिपक्यांची चौकट ओढली, ती चौकट पकडली आणि खाट सरकवत खिडकीखाली नेली. माझी शेपूट ताणली गेली होती. मग त्यांनी खाट परत दाराशी आणली आणि पुन्हा खिडकीखाली नेली. पुन्हा. पुन्हा.

"अरे दादा," ताईच्या हातातली पिशवी खाली पडली, "त्यांना खाट हलवायचीय. भिंत नकोय रे त्यांना! एवढे दिवस तेच सांगतायत."

दादा पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने बाबांना उचलून खुर्चीत बसवलं, बाह्या सरसावल्या आणि एकट्याने खाट ओढत नेली. फरशीवर चरे पडले. खिडकीबाहेर समोर एक नवी इमारत उठत होती. मजूर, सळया, अर्धवट जिने. बाबा पाहत राहिले. त्यांची मूठ सैल सुटली. दादा खाली जाऊन गाडी रिकामीच पाठवून आला.

बाबा पुढे बरीच वर्षं जगले, त्याच खिडकीत. अधूनमधून माझ्यावर हात ठेवायचे, समोरचा जिना चुकलाय असं ताईला काढून दाखवायचे. पण माझी गरज कमी झाली होती, आणि खरं सांगतो, मला ते लागलं.

ते गेले. मग नवा कॉम्प्युटर आला. त्याला माझ्या शेपटीच्या गोल, टाचण्यांच्या तोंडाजोगं भोकच नाही. ताईने शेपूट माझ्याच पोटाभोवती गुंडाळली, गाठ मारली आणि मला ड्रॉवरमध्ये ठेवलं. शेजारी निकामी वायरींचं जंजाळ. प्लास्टिक पिवळं पडलंय, पोटातली गोळी कडक झालीय. हलायचं म्हटलं तरी गाठ काचते.

परवा ताईने सेल शोधायला ड्रॉवर उघडला. तिची बोटं आता आखडलीत. तिने मला तळव्यात धरलं, डावं बटण दाबलं, मग उजवं. टिक. टिक. थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि ड्रॉवर लावून घेतला.

ताई, पुन्हा उघडशील तेव्हा मला कशालाही जोडायच्या भानगडीत पडू नकोस. तेवढी गाठ सोड. मग खुशाल अंधारात ठेव.