पहिल्या रांगेतलं घर

आमच्या ह्यांनी आयुष्यभर दात बनवले. पाटीवर नाव डॉक्टरचं, आणि मागच्या खोलीत दिव्याखाली वाकून कवळीतला एकेक दात रांगेत लावणारे हे. इतकी वर्षं रांगा सरळ करणाऱ्या माणसाला कसलं तरी वेड लागणारच. ह्यांना परेडचं लागलं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला अंधारात उठवून मोठ्या रस्त्यावर नेलं. पुढे मुलं झाली तसा लवाजमा वाढला. धाकटी ह्यांच्या खांद्यावर, थोरला घरून उचलून आणलेल्या स्टुलावर, आणि मी मागे, पाण्याच्या बाटल्या, डबे आणि सगळ्यांचे स्वेटर सांभाळत. मला परेडपेक्षा ह्यांची मानच जास्त दिसायची. मानेवरचे केस कधी पांढरे झाले, तेही मला तिथेच कळलं.

पण खोटं कशाला बोलू, मलाही आवडायचं. लांबून ढोल ऐकू आला की मी हातातले डबे खाली ठेवायचे. एरवी एकमेकांच्या झिंज्या उपटणारी मुलं तेवढा वेळ गप्प उभी राहायची. आणि टाचा उंच करून मी एक गोष्ट दरवर्षी बघायचेच. घोड्यांच्या तुकडीमागून झाडू आणि घमेलं घेऊन एक माणूस चालायचा. अख्ख्या परेडमध्ये आपल्या पावलानं चालणारा तो एकटाच. हे मी कधी कोणाला बोलले नाही, ह्यांना तर नाहीच. घोडे सोडून लीद कसली बघतेस, म्हणाले असते.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी आमचं अंगणाचं घर विकलं आणि परेडच्या रस्त्यावर, चौथ्या मजल्यावर हे घर घेतलं. गॅलरी थेट रस्त्यावर. "पहिल्या रांगेतलं घर आहे," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. मुलं तोवर लांबच्या गावी गेली होती. "परेडच्या निमित्तानं तरी येतील," म्हणाले. मीही मान डोलावली. लिफ्ट नाही, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. मग माझ्या गुडघ्यांनी दगा दिला.

आता मी खाली उतरते ती डॉक्टरकडे जाताना, तीही खुर्चीत बसून, दोन हमालांच्या जिवावर. एरवी गॅलरीतून दोरीनं टोपली सोडायची, भाजी वर ओढायची. भाजीवाल्याला मी टाळूवरून ओळखते. समोरून दिसला तर ओळखणार नाही. शेजारीण येते, गप्पा मारते आणि उठून जाते. ती जिना उतरायला लागली की तिच्या चपलांचा आवाज मी तळमजल्यापर्यंत ऐकत बसते. कधी कधी इतका राग येतो की टोपलीत ह्यांनाच बसवून सोडून द्यावं.

शेवटी मी हट्टच धरला. हे घर विका, तळमजला बघा.  दोन दिवसांनी ह्यांनी मुलांना फोन लावून, मला शेजारी बसवून शब्द दिला. "एकदा, एकदाच सगळ्यांनी मिळून ह्या गॅलरीतून परेड बघू. मग तुमची आई म्हणेल तिथे जाऊ."

आली का पंचाईत. एका वर्षी धाकटीचं बाळंतपण आलं, पुढच्या वर्षी थोरल्याला रजा नाही, मग जावयाचा पाय मोडला. दरवर्षी कोणी ना कोणी गळायचंच. परेडची वाट माझ्याइतकी बँडवाल्यांनीसुद्धा पाहिली नसेल.

ह्या वर्षी मात्र सगळी आली. थोरला, सूनबाई, धाकटी, जावई आणि नात. घरभर गाद्या पसरल्या, बाथरूमपुढे रांग लागली. संध्याकाळी ह्यांनी गॅलरीत खुर्च्या मांडून सगळ्यांना उंचीप्रमाणे बसवून पाहिलं. मला पुढच्या रांगेत मधोमध, उशीसकट.

"मग मागे पिशव्या कोण धरणार?" मी विचारलं.

"पिशव्या राहतील घरात," हे म्हणाले. "घर आहे ना आता."

रात्री थोरला माझ्या पायाशी येऊन बसला. "आई, एजंटशी बोलून ठेवलंय. खालचं घर आहे, दारात रिक्षा येते. उद्या परेड झाली की फोन करतो." तो गेल्यावर मी पडल्या पडल्या मनानं सगळा जिना उतरून आले. शेवटच्या पायरीवर जरा थांबलेसुद्धा.

सकाळी आंघोळी उरकत होत्या तेवढ्यात बेल वाजली. दारात एक महिला पोलीस. ह्या वेळी परेडला कोणी बडे पाहुणे होते, त्यामुळे रस्त्यावरच्या सगळ्या घरांची खिडक्या-दारं बंद. गॅलरीत कोणी यायचं नाही. परेड संपेपर्यंत जिन्यानं वर-खाली करायचं नाही. टोपलीही सोडायची नाही.

"अहो मॅडम, आम्ही परेड बघायलाच एवढ्या लांबून आलोय," थोरला म्हणाला.

"सगळ्या घरांतून हेच ऐकतेय दादा. माझ्या हातात काही नाही."

थोरला वाद घालत राहिला, जावयानं कुठल्या ओळखीच्या साहेबाचं नाव घेऊन पाहिलं.  हे मात्र गॅलरीतल्या खुर्च्या आत आणायला लागले. पोलीसबाईनं गॅलरीच्या दाराला कडी घातली आणि त्याच दारापाशी खुर्ची टाकून बसली. रस्त्याकडच्या खिडक्यांना दुधी काच. उजेड तेवढा आत येतो, दिसत काही नाही.

जावयानं टीव्ही लावला. त्यात आमचाच रस्ता दिसला, मग आमची इमारत. सगळ्या खिडक्या बंद, कवळी काढून ठेवलेल्या तोंडासारखी. "ते बघ आपलं घर," नात म्हणाली. ह्यांनी उठून टीव्ही बंद केला. "दारावरून जाते ती डब्यात कसली बघायची," एवढंच म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मोबाइलला रेंज नव्हती. एवढी माणसं एका खोलीत, आणि एकमेकांकडे बघण्याशिवाय कोणाला काही काम नाही. मला आतून हसू येत होतं. एका सकाळीत कासावीस झालात, मनात म्हटलं, मी रोज इथेच असते.

पोलीसबाईला जागा सोडता येत नव्हती, म्हणून चहा तिथेच नेऊन दिला आणि तिच्याजवळ टेकले.

"तुमचं बरं असतं," मी म्हटलं. "दरवर्षी फुकट परेड, तीही जवळून."

"कुठली हो काकू. बंदोबस्ताला आमचं तोंड माणसांकडे, पाठ परेडकडे. इतक्या वर्षांत एक घोडा पाहिला असेल तर शपथ." तिनं चहा फुंकला. "आणि माझ्यावर राग धरू नका. मी मागच्या आठवड्यातच येऊन काकांना सगळं सांगून गेले होते. तुमचा डोळा लागला होता तेव्हा."

हातातली बशी खाली ठेवली. मी उठले आणि भिंतीला धरत धरत खिडकीशी गेले.

"तुम्हाला माहीत होतं?"

ह्यांचा कान काचेला लागलेला. "हो."

"घर सोडायला नको म्हणून हा डाव टाकलात?" मी आवाज दाबून विचारलं, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "एवढी वर्षं कोंडून ठेवलंत, पोट भरलं नाही?"

"घराचं तू म्हणशील तसं. शब्द दिलाय तो दिलाय. परेड झाली असं धर, आजच फोन लावू दे त्याला."

"मग मुलांना का नाही सांगितलंत खिडक्या बंद असणार म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर आली असती?"

मी वळून मुलांकडे पाहिलं. मागे जावई जांभया देत होता, सूनबाई नातीला कागदाची टोपी करून देत होती. तेवढ्यात खाली ढोल आला. काच थरथरायला लागली आणि खोलीतली सगळी पूर्वीसारखी एकदम गप्प झाली. हे हळू आवाजात सांगत होते, बँड गेला, आता पायदळ, आता घोडे. टापा मलाही ऐकू येत होत्या. त्या लांब गेल्या.

"आता तुझा झाडूवाला," हे म्हणाले.

"माझा कोण?"

"दरवर्षी टाचा उंच करून बघायचीस तो."

"तुमची तर पाठ असायची माझ्याकडे."

"घोडे गेले की पाठीवर हात पडायचा तुझा, टेकायला. दरवर्षी नेमका तेव्हाच. मग एकदा मीही बघितलं, कोणासाठी पडतो ते."

 पुढच्या तुकड्या कुठल्या गेल्या, मला सांगता येणार नाही.

दुपारी पोलीसबाईनं कडी काढली, चहाचा कप स्वतः धुऊन ठेवला आणि गेली. खाली रस्ता रिकामा, माणसं कठडे उचलून ट्रकमध्ये टाकत होती. मुलं लगेच बॅगा भरायला लागली.

"आता दरवर्षी असंच करणार हे लोक," जावई म्हणाला. "पुढच्या वेळी आपापल्या घरूनच टीव्हीवर बघू."

"त्या वेळी फोन लावू ना बाबा," धाकटी म्हणाली. "एकत्र बघितल्यासारखंच होईल."

हे खुर्च्या मिटत होते. मिटलेली खुर्ची पुन्हा उघडून पुन्हा मिटत होते.

थोरल्यानं मोबाइल काढला. "रेंज आली. आई, लावू ना एजंटला? बाबा म्हणतात, परेड झाली असं धरा."

सगळी माझ्याकडे बघायला लागली. दार सताड उघडं होतं, जिन्यातून गार हवा येत होती. माझ्या तोंडात 'लाव' आलंच होतं.

"पाहिली कोणी?" मी म्हटलं. "मी तर काही पाहिलं नाही. बाबांनी बघायचा शब्द दिलाय, ऐकायचा नाही. हे वर्ष धरायचं नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांनी यायचं. एक जरी कमी पडलं तरी मी इथेच अडकले, हे लक्षात ठेवा."

"अगं आई, पण पुढच्या वर्षीही खिडक्या बंद ठेवल्या तर?" थोरला म्हणाला.

"तर त्याच्या पुढच्या वर्षी."

तो आणखी काही बोलणार होता. धाकटीनं त्याचा हात दाबला. ह्यांनी खुर्च्या भिंतीला लावल्या आणि उगाच नाक शिंकरत आत गेले.

सगळी निघाली. पावलांचा आवाज मी नेहमीप्रमाणे तळमजल्यापर्यंत ऐकला. मग गॅलरीत गेले. आता ह्या जिन्याला आणखी किमान एक वर्ष, असं मनात आलं आणि रडू फुटलं. गुडघ्यांमुळे म्हणा, नाही तर माझ्याच तोंडामुळे. खाली सगळी एकामागोमाग रस्ता ओलांडत होती, बॅगा ओढत, कागदाची टोपी सर्वांत पुढे. थोरल्याला टाळूवर टक्कल पडायला लागलंय, हे मला वरून दिसलं.

हे शेजारी येऊन उभे राहिले. मी त्यांच्या पाठीवर हात टेकला आणि जमेल तेवढ्या टाचा उंच केल्या.

"एकाचंही पाऊल दुसऱ्याशी जुळत नाही बघ," हे म्हणाले.

"गप्प बसा," मी म्हटलं, "मला बघू द्या."