शांत बसायचे वीस मार्क

मित्रांनो, जरा वाकून स्टेजखाली बघा. गुंडाळून ठेवलेली, धुळीने माखलेली सतरंजी दिसली? तीच मी.

हातमागावर विणलेली. लाल पट्टे, मधे एक निळा. दहिसरच्या एका शाळेत आले तेव्हा रंग काय झकास होते माझे!

संघमित्रा बाईंनी मला आणलं. रोज पहिल्या तासाला पोरांना माझ्यावर बसवायच्या. ना पुस्तक, ना फळा.

"काही करायचं नाही. आत काय चाललंय ते बघा फक्त."

"बाई, आत भूक चाललीय," आकाश म्हणायचा. "नाश्ता नाय केला."

"मग भूक बघ."

सगळे हसायचे. मग हळूहळू गप्प व्हायचे. छान वाटायचं.

ऋतिका निळ्या पट्ट्यावर बसायची. दिवाळीच्या सुट्टीत तिची आई गेली होती. घरी ती रडायची नाही, कारण ती रडली की पप्पा पण रडायचे. म्हणून इथे रडायची, आवाज न करता. पट्टा ओला व्हायचा. कोणी काही विचारायचं नाही. आकाश फक्त सरकून तिच्या बाजूला बसायचा.

मग एकदा मुख्याध्यापक राजेश सर आले. माणूस वाईट नाही हो. खूश झाले.

"बाई, हे अभ्यासक्रमात घेऊ. विषयाचं नाव आत्मिक विकास. वीस मार्क."

"सर, आतलं कसं मोजणार?"

"पाठ ताठ, डोळे बंद, हलायचं नाही, चेहरा शांत. पाच-पाच मार्क. पालकांना काहीतरी दाखवायला नको?"

बाईंनी मान डोलावली. तिथेच वाट लागली.

परीक्षेच्या दिवशी पोरं पुतळ्यासारखी बसली. ऋतिका रडली. आकाशने एक डोळा उघडून पाहिलं, पण सरकला नाही. हललं की मार्क जातात ना. बाई पेन धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग 'चेहरा शांत'चे पाच कापले.

पुढच्या परीक्षेत ऋतिकाला वीसपैकी वीस. सरांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी हळूच विचारलं, "आज बरं वाटतंय का गं?"

"नाही बाई. घरी आरशासमोर प्रॅक्टिस केली."

बाईंचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून माझा निळा पट्टा कोरडाच.

नंतर वर्गात बेंच आले. बेंचवर पाठ ताठ राहते म्हणे. मी स्टेजखाली गेले. विषय अजून चालू आहे, वर्गाला मार्क भरपूर पडतात.

एकदा शाळा सुटल्यावर बाईंनी मला ओढून काढलं, झटकलं, अंथरलं आणि ऋतिकाला बोलावलं. "बस. आज मार्क नाहीत."

ती बसली. पाठ ताठ, डोळे बंद, चेहरा शांत. बाई सरकून तिच्या बाजूला बसल्या. खूप वेळ. तिचा चेहरा काही हलला नाही. शेवटी बाईच रडल्या.

मित्रांनो, मला धुतलं नाही तरी चालेल. धूळ निघते. पण वर्गात कोणी रडत असेल, तर मार्क जाऊ देत. सरकून बसा.