मालनबाईंचे कारभारी

असं समजा, तुमच्या घरात एक शब्द आहे आणि तो तुमची आजी कधीच उच्चारत नाही. वाईट शब्द नव्हे हं, अगदी साधा. आता असंही समजा, की सरकारी खिडकीतला माणूस म्हणतो, तोच शब्द बोला, त्याशिवाय तुमचं काम होणार नाही. समजलं? मग चला मालनबाईंबरोबर.

मालनबाई आहेर मूळच्या नांदगावकडच्या. त्यांच्या माहेरी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं सांगितलेलं. मग नवऱ्याला म्हणायचं तरी काय? बाकीच्या बायका म्हणतात 'आमचे कारभारी'. सोय छान आहे. पण मालनबाईंच्या नवऱ्याचं नावच कारभारी. म्हणजे सगळ्यांना मोकळी असलेली ही वाटही त्यांना बंद. त्या म्हणायच्या 'हे', नाहीतर 'अंजलीचे आजोबा'.

हे कारभारी नाशकात घरोघरी फरशा बसवायचे. गेल्या वर्षी त्यांची पाठ दुखायला लागली आणि तपासण्या होता होता कॅन्सर निघाला. तो मणक्यात उतरला, पाय गेले. डॉक्टरांनी मालनबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, दिवाळीपर्यंत धरून चाला. सरकारच्या निराधार योजनेतून अशा माणसाला दरमहा थोडी मदत मिळते. ती कारभाऱ्यांच्या डोळ्यांदेखत सुरू व्हावी, एवढीच मालनबाईंची धडपड. कारण पडल्या पडल्या ते रोज विचारायचे, "लागलं का माझं?" कधी कुणावर भार न टाकलेल्या माणसाला आपला भार घरावर पडतोय, हे फार सलत होतं.

गोंधळ झाला तो दवाखान्यात. केसपेपर काढायचा होता. मालनबाई स्ट्रेचरपाशी थांबल्या आणि खिडकीवर गेल्या शेजारच्या सिंधुबाई.

"पेशंटचं नाव?"

"आहेर. आमच्या मालनबाईंचे कारभारी."

आतल्या मुलानं कारभारी म्हणजे नवरा असं धरलं, तो शब्द गाळला आणि उरलं ते लिहून टाकलं. मालनबाई आहेर, पुरुष, वय चौसष्ट. डॉक्टरांनी त्यावरूनच योजनेसाठी लागणारा आजाराचा दाखला दिला. शिक्का मात्र ठसठशीत.

तो दाखला घेऊन मालनबाई तहसील कचेरीत गेल्या. बरोबर नात अंजली, तिसरीतली. पाट्या वाचायला आजीला ती लागायची. खिडकीतल्या बाबूनं चष्म्यावरून पाहिलं.

"मालनबाई तुम्हीच ना?"

"हो."

"इथं तर लिहिलंय, तुमचे दोन्ही पाय गेलेत."

"माझे नाय भाऊ, यांचे."

"आणि तुम्ही पुरुष आहात."

"पुरुष असते तर तुमच्या खिडकीपुढं एवढं उभी राहिले असते का?"

मागची रांग हसली. बाबू हसला नाही. आधार कार्डावर कारभारी बारकू आहेर, दाखल्यावर मालनबाई. "दाखला दुरुस्त करून आणा," म्हणाला.

दवाखान्यात कळलं, डॉक्टर बुधवारी बसतात. बुधवारी कळलं, डॉक्टर शिबिराला गेलेत. पुढच्या बुधवारी डॉक्टर होते, पण तिथला कारकून म्हणाला, कचेरीचं पत्र आणा, मग दुरुस्त करू. कचेरीत म्हणाले, दुरुस्त दाखला आणा, मग पत्र देऊ.

"पाय यांचे गेले आणि झिजतात माझे," मालनबाई बसमध्ये पुटपुटल्या. घरी कारभारी वाटच बघत होते. "लागलं का?"

"लागतंय," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला वळल्या.

शेवटी बाबूच वैतागला. "मावशी, तुम्ही रोज येणार, मी रोज हेच सांगणार. त्यापेक्षा जबाब द्या. दाखल्यातला पेशंट म्हणजे माझा नवरा, असं म्हणा आणि त्यांचं पूर्ण नाव सांगा. मी लिहितो, तहसीलदार मॅडमची सही घेतो."

मालनबाईंनी आधार कार्ड पुढं सरकवलं.

"कारभारी बारकू आहेर," अंजली पटकन म्हणाली.

"तू नाही, बाळ. आजीनं सांगायचं."

"त्या कार्डावर हाय की लिहिलेलं," मालनबाई म्हणाल्या.

"कार्डाचा जबाब घेता येत नाही."

"मग लिहा, अंजलीचे आजोबा."

"मावशी, मागं रांग बघा."

मालनबाईंना रांग दिसत होती. पण त्यांच्या मनात भलताच हिशेब चालला होता. चांगले धडधाकट होते तेव्हा आपण नाव घेतलं नाही. आता आयुष्य चिमूटभर उरलंय, तर त्यातलंही कमी करायचं? आणि नाही घेतलं तर अर्ज असाच पडून राहणार, आणि ते विचारत विचारतच जाणार. राग कुणावर काढावा तेही कळेना. दवाखान्यातल्या त्या पोरावर, सिंधुबाईंवर, का देवावर?

अंजलीनं त्यांचा पदर ओढला. "आजी, हळदीकुंकवाला घेतेस ना? उखाण्यात चालतं ना?"

मालनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. उखाण्यात चालतं. उखाण्यात घेतलेल्या नावाला दोष नाही, हेही आईनंच सांगितलं होतं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, खिडकीच्या गजाला धरलं आणि गेल्या महिन्याभराचा सगळा वैताग आवाजात आणून म्हणाल्या,

"ह्या खिडकीवर म्हणतात, त्या खिडकीवर या,
त्या खिडकीवर म्हणतात, बुधवारी या,
बारकू आहेरांच्या कारभारीरावांचं नाव घेते,
आता तरी माझा कागद घ्या."

रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाबूनं मान खाली घालून लिहिलं. लिहिता लिहिता त्याचे खांदे हलत होते. मॅडमची सही झाली.

"अर्ज घेतला. आता पुढच्या महिन्यात समितीची बैठक आहे, तिथं मंजूर होईल."

"समितीला सांगा," मालनबाई म्हणाल्या, "आमच्याकडं महिने लय नाहीत."

बाबूनं कागद गठ्ठ्याच्या खाली न सरकवता वर ठेवला.

बाहेर पायरीवर अंजलीनं घरी फोन लावला.

"लागलं का माझं?" पलीकडून खोल गेलेला आवाज आला.

"अर्ज घेतला, आजोबा. आणि आजीनं तुमचं नाव घेतलं. सगळ्यांपुढं."

"लोकांनी ऐकलं व्हय," कारभारी म्हणाले. "मी लग्नात ऐकलेलं. त्यालाही चाळीस वर्षं झाली."

"ठेव गं तो फोन," मालनबाई म्हणाल्या. "बॅलन्स जातोय."

अंजलीनं फोन ठेवला नाही. ती एक पायरी वर चढली, म्हणजे आजीएवढी झाली, आणि फोन आजीच्या तोंडाशी धरून उभी राहिली.