दैवशालासाठी विनंती

गीत

हरणाबाईनं ढोलकीवर थाप मारली की मुरुम गावातल्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात सगळी मंडळी तिच्या सुरामागं गायची. आज दुसऱ्याच कडव्याला तिचा आवाज बसला. बायकांच्या रांगेत शिवम्माची जागा चौथ्या रविवारीही रिकामी होती.

विनंती (मागच्या महिन्यातली)

शिवम्मानं नळावर हळूच सांगितलं होतं: दैवशालाला, माझ्या लेकीला, नवऱ्यानं टाकलंय, गावाला मात्र सांगितलंय, आजारी म्हणून माहेरी आलीय.

त्याच रविवारी, प्रार्थनेच्या विनंत्या सांगायच्या वेळी, हरणाबाई उठली. डोळे मिटले, नाव घेतलं, सगळं सांगितलं. कळवळ्यानं. आणि थोडं, आपल्याला आधी कळलं म्हणूनही.

"आमेन," मंडळी म्हणाली. दिवस मावळेपर्यंत अर्ध्या गावाला कळलं.

भाकर

"कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर आधी मिटवून या," पाळक राजशेखर प्रभुभोजनाआधी दर वेळी म्हणत. दर वेळी कुणीच उठत नसे. आज भाकरीचं ताट हरणाबाईपुढं आलं. हात उचलेना.

ती उठली.

शिवम्माचं दार

"अक्का, माझं चुकलं."

शिवम्मा ज्वारी निवडत होती. "उरकली का भक्ती?"

"तुझ्यासाठी रोज प्रार्थना करायलेय म्या."

"नगं करू! एकदा केलीस तीच लई झाली. पोरगी महिनाभर उंबऱ्याबाहेर गेली न्हाय."

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला.

हरणाबाईनं सवयीनं हात जोडले, डोळे मिटले.

"डोळे उघड. देवाआड लपू नको. माझ्याकडं बघून बोल."

हरणाबाईनं बघितलं.

"सगळ्याम्होरं बोललीस ना? मग सगळ्याम्होरं कबूल कर. पोरीचं नाव न घेता."

"मग माफ करशील?"

"ते म्या बोलले न्हाय."

कबुली

प्रार्थनाघरात मंडळी चटया गुंडाळत होती. हरणाबाई दारातच उभी राहिली.

"म्या प्रार्थनेच्या नावानं चहाडी केली."

पाळकांनी तिच्यासाठी झाकून ठेवलेला भाकरीचा तुकडा पुढं केला. "घ्या, बाई. देवानं ऐकलं."

"देवानं ऐकलं असंल. शिवम्माक्कानं माफ केलं न्हाय अजून."

बोलून गेली, आणि मग ध्यानात आलं: पुन्हा दुसऱ्याचंच सांगितलं.

"माफ करंना व्हय?" बायकांतली द्वारकाबाई चुकचुकली. "लई कठीण काळजाची बाई! पसरा गं चटया. तिच्यासाठी विनंती घालू."

चटया पसरल्या. पदर डोक्यावर आले. मंडळीनं डोळे मिटले.

"हे प्रभू," द्वारकाबाईनं सुरुवात केली, "आमची भगिनी शिवम्मा..."

हरणाबाई बायकांतून वाट काढत धावली आणि तिनं द्वारकाबाईच्या तोंडावर हात दाबला.