आगटीची जागा

वाफ्यातली सगळी झाडं पिवळी पडून बसली होती, फक्त कोपऱ्यातली तीन हिरवीगार उभी होती. वनमाला रोज सकाळी आधी त्यांच्याकडेच जाई.

बेला गावाजवळच्या या सरकारी मळ्यात ती तीन वर्षं एकाच शत्रूच्या मागे होती. डोळ्यांना न दिसणारे कृमी मुळांत शिरत, मुळांना गाठी येत, बटाटे चामखिळींनी भरून जात. मातीतून कीड काढणं कुणाच्या हातात नव्हतं. तेव्हा कीड लागत नाही असा वाणच शोधायचा होता. एकामागून एक वाण गेले. यंदाही एखादा तगला नाही तर मळा मोडून तिथे कापूस लावू, असं शेतकी खात्याच्या मोहतमीम साहेबांनी, म्हणजे मोठ्या अधिकाऱ्यांनी, हैदराबादेहून कळवलं होतं. उद्या ते स्वतः येणार होते.

ती झाडं डोंगराकडून आणलेल्या वाणाची. कंद चारच मिळाले, म्हणून दुसरीकडे लावून पडताळता आलं नव्हतं. चौथं, आतल्या बाजूचं, आधीच उपटून तिने मुळं धुतली होती. एकही गाठ नव्हती. तेव्हा तिला तिथेच रडू आलं होतं.

संध्याकाळी खुरपणी आटोपून बयनाबाई बांधावर टेकली. हिरव्या झाडांकडे पाहून हसली.

"तुमी हुरडा खाऊन तोंड पोळून घेतलं ना बाई, त्याचंच पुण्य हाये हे."

वनमालाने मान वर केली. कोणता हुरडा?

दिवाळीच्या सुमाराला, लागवडीच्या आधी, मजुरांनी तिच्या मानाखातर ज्वारीची कोवळी कणसं भाजली होती. वाऱ्याला आडोसा म्हणून आगटी याच कोपऱ्यात खणली. मग आठवडाभर रोज त्याच खड्ड्यात गोवऱ्या धगधगत राहिल्या. तीही मांडी घालून बसली होती, गुळाचा खडा मागून घेतला होता. पुढे खड्डा बुजला, वाफे पडले, आणि जागा तिच्या लक्षातून गेली.

"मला सांगितलं काऊन नाही?" तिच्याही तोंडी इथलाच शब्द आला.

"तुमी पाणी इचारलं, खत इचारलं. हुरड्याचं कोण इचारते?"

खरंच होतं. माती भाजली असेल तर कीड मेली, वाणाची करामत काहीच नाही. तरीही तिने खुरपं मागून घेतलं. कडेचं झाड खड्ड्याच्या काठावर असणार. त्याची अर्धी मुळं भाजल्या मातीत, अर्धी बाहेर. वाण खरा असेल तर दोन्हीकडे स्वच्छ निघेल. तिने ते मातीसकट उचललं आणि बादलीत हलक्या हाताने धुतलं. ही शंका एवढी एकदा खोटी ठरू दे, असं ती मनात कुणाला तरी विनवत होती.

राखेकडची मुळं पांढरी होती. दुसऱ्या बाजूला गाठीला गाठ लागली होती.

बयनाबाईने वाकून पाहिलं. तिचं हसू गेलं. मोठ्या सायबाला काय कळते, हे झाड गाडून टाका, ती हळूच म्हणाली. उरलेली दोन चांगलीच दिसतात.

दिसत होती. साहेब खूश झाले असते, मळा राहिला असता, आणि हे बटाटे गावोगावच्या मातीत जाऊन किडले असते.

सकाळी साहेब गाडीतून उतरले ते थेट हिरव्या झाडांकडे वळले. वनमाला वाटेत उभी राहिली. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं कडेचं झाड तिने त्यांच्यापुढे धरलं.

"आधी हे पाहा," ती म्हणाली. तिने मुळं नीट दोन बाजूंना वेगळी केली.