शिंप्याची पट्टी

आमचे हे शिंपी. कापड मापायची त्यांची लाकडी पट्टी कायम टेबलावर. चुकून कधी खाली पडली आणि मी तिच्यावरून गेले, की दिवसभर फुगून बसायचे. म्हणायचे, "आपलं पोट भरते ती. पायाखाली नको."

मग कंपवात झाला. आधी हात थरथरायला लागले, शिलाई वाकडी यायला लागली. मग पाय. घर आणि दुकान यांच्यामध्ये एकच दार, पण त्या दारात आले की हे जागच्या जागी खिळायचे. मी मागून ढकलायची, पुढून ओढायची, ओरडायची.

"अहो, पाय उचला की!"

"उचलतोय गं, तोच येत नाही."

डॉक्टर गोळी वाढवायचे आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचे.

एकदा पडदे शिवायला आलेल्या बाईंनी ह्यांना असं अडकलेलं पाहिलं. त्यांच्या सासऱ्यांचं तेच होतं. म्हणाल्या, "वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी कंपवाताची माणसं जमतात, घरच्यांना घेऊन. तुम्ही याच."

"कशाला?" हे म्हणाले. "कोण जास्त थरथरतो याची शर्यत लावायला?"

मी काही ऐकलं नाही. शनिवारी ह्यांच्या शर्टाची बटणं लावली आणि घेऊन गेले.

जिना मात्र हे भराभर चढले, वर मलाच चिडवत. "बघ, ठणठणीत आहे मी. उगाच आणलंस." आणि वर खोलीच्या दारात पाय चिकटले. आत सगळे बसलेले. ह्यांचा चेहरा उतरला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ओढायला हात पुढे केला.

"ओढू नका, वहिनी." आतून एक म्हातारे उठले. पूर्वी बस चालवायचे, ते मागाहून कळलं. हळूहळू दाराशी आले, आपली काठी ह्यांच्या पायांपुढे आडवी ठेवली आणि स्वतः भिंतीला धरून उभे राहिले. "दाराकडे बघू नका. नुसती काठी ओलांडा."

ह्यांनी ओलांडली. इतकं सोपं! एवढे दिवस मी या माणसाला ओढत होते, आणि वाचनालय आमच्याच गल्लीच्या टोकाला. मला तिथेच रडू फुटलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. रडू नका, असं कुणीच म्हणालं नाही.

घरी आलो तर दुकानाच्या दारात हे पुन्हा अडकले. काठी नव्हती. मी इकडेतिकडे शोधत होते, तोच म्हणाले, "माझी पट्टी आण."

"अहो, पण ती..."

"आण गं. ठेव पायापुढे."

मी ठेवली. हे कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते. मग पाय उचलून तिच्या पलीकडे टाकला. ह्यांनी शिवणकाम सोडलं ते त्या क्षणी, हे मला कळलं.

पुढे शनिवार चुकवला नाही. "थरथरायच्या शर्यतीत माझा पहिला नंबर," असं म्हणून ह्यांनीच सगळ्यांना हसवलं. मग छातीत कफ भरला. अंथरूण धरलं ते पुन्हा उठलेच नाहीत.

गेल्या शनिवारी मी एकटीच गेले. पट्टी पिशवीत मावेना, तशीच हातात घेतली. खोलीच्या दारात एक नवे गृहस्थ अडकले होते आणि त्यांची बायको चिडून हात ओढत होती, अगदी माझ्यासारखी.

"ओढू नका," मी म्हणाले आणि पट्टी खाली ठेवली.

ते कचरले. "शिंप्याची दिसते. हिच्यावरून पाय कसा टाकू?"

"ओलांडा," मी म्हणाले. "हे आता रागवत नाहीत."