वर गेल्यावर गप्प होणारे

मित्रांनो, मी एक जुना आकाशपाळणा आहे आणि मला भीती वाटते. हसू नका. माझ्या अंगावर बसून तुम्ही हौसेने घाबरता, पण मी घाबरलो तर मला खाली उतरता येत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सुटे भाग ट्रकवर लादून मला या मनोरंजन उद्यानात आणले आणि वस्तादांनी मला उभे केले. वस्ताद म्हणजे इथले मेकॅनिक. बोलणे मोजके, पण हात मायेचा. रोज सकाळी फाटक उघडण्याआधी ते माझ्या खांबाला तळहात लावून डोळे मिटत आणि म्हणत, "फिरव गं." मग आत्या दांडा ओढी आणि मी रिकामाच एक फेरी मारी. माझे काही दुखत असेल तर ते वस्तादांच्या तळहाताला बरोबर कळत असे.

आत्या मला चालवते. ती कोणाची आत्या आहे कोण जाणे, पण उद्यान सांभाळणाऱ्या साहेबांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणतात. तिची एक रीत होती. "ओरडतात त्यांची काळजी नाही," ती म्हणे. "ओरडणारी माणसं मजेत असतात. वर गेल्यावर जो गप्प होतो ना, तो खरा घाबरलेला." असा कोणी दिसला की ती भोंग्यावरची गाणी बंद करी, मला थांबवी आणि हळूहळू त्याला खाली आणताना त्याच्याशी सतत बोलत राही.

किती छान दिवस होते ते! रविवारी माझ्यासमोरची रांग आइस्क्रीमच्या गाडीपर्यंत जाई. मला वाटे, हे असेच चालणार.

मग ती साथ आली. फाटकाला साखळी लागली. भोंगे मुके झाले, तिकीटखिडकीत कोळ्यांनी संसार थाटला. एकदा साहेब एका भंगारवाल्याला घेऊन आले. तो मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होता आणि मनातल्या मनात माझे वजन करत होता. माझे तर धाबेच दणाणले.

वस्ताद त्या साथीतच गेले. आजारी पडल्यावर त्यांनी आत्याला फोनवर सांगितले होते, "आठवड्यातून एकदा त्याला फिरवत जा. एका जागी उभा राहिला तर कामातून जाईल."

आत्याने तो शब्द पाळला. तोंडाला मास्क लावून ती दर आठवड्याला यायची, मला फिरवायची आणि पिवळा पाळणा खाली आणून थांबवायची. मग त्यातच बसून जेवायची. "तुला सोबत आणि मला सावली," असे म्हणायची. मला फार बरे वाटे. पण दर वेळी वेगळा पाळणा खाली आणून मला थांबवायला हवे होते. ते सांगायचे वस्तादांकडून राहून गेले आणि आत्याला ते ठाऊक नव्हते. माझ्या मधोमध जाड आस आहे. ती ज्या बेअरिंगवर फिरते, त्यात पोलादी गोळ्या असतात. कितीतरी महिने माझा सारा भार एकाच ठिकाणी त्या गोळ्यांवर पडत राहिला. तिथे खळगे पडले, गंज धरला. आत्याच्या मायेतूनच माझे दुखणे सुरू झाले.

अखेर फाटक उघडले. सुरुवातीला चार-दोन कुटुंबे यायची, एकमेकांपासून अंतर राखून. साहेब दारात उभे राहून, आत येणाऱ्या प्रत्येक माणसामागे हातातल्या माणसे मोजायच्या यंत्राचे बटण अंगठ्याने दाबत. गर्दी परतली नाही तर जागा विकून टाकू, असे मालकांनी त्यांना बजावले होते. म्हणून ते रस्त्याकडे डोळे लावून बसत. हळूहळू शाळांच्या सहली आल्या, कंपन्यांच्या बसेस आल्या. लोक वर्षानुवर्षे घरात कोंडल्यासारखे तुटून पडले. साहेबांचा अंगठा दुखू लागला आणि चेहरा उजळला.

आणि मला भीतीने ग्रासले. प्रत्येक फेरीला माझ्या पोटात 'खट' असा आवाज येई. नवे मेकॅनिक कधीतरी येत आणि वरवर बघून जात. सकाळची रिकामी फेरी गर्दीच्या घाईत बंद झाली होती. मी ओरडत होतो, मित्रांनो! पण जिथे सगळेच ओरडतात, तिथे माझे कोण ऐकणार? बाळांना मांडीवर घेऊन आया बसत आणि मी जीव मुठीत धरून त्यांना वर नेई. ही फेरी पार पडू दे, एवढेच मनात म्हणे.

सुट्टीतला तो दिवस उजाडला. साथीआधी कधी झाली नव्हती एवढी गर्दी लोटली. माझे सगळे पाळणे भरले होते. वरच्या पाळण्यात एक मुलगी आपल्या मावशीशेजारी बसली होती. मावशी किंचाळत होती आणि मुलगी मात्र एकदम गप्प.

आत्याने ते पाहिले. तिने गाणी बंद केली आणि मान वर करून म्हणाली, "बाळा, मी आहे हं इथे. माझ्याकडे बघ."

आणि त्या शांततेत मी पुढे सरकलो. 'खट.'

आत्याचे तोंड एकदम उतरले. तिने माझ्या खांबाला तळहात लावला, अगदी वस्तादांसारखा. "अगं बाई," ती पुटपुटली, "तूसुद्धा घाबरलायस?"

तिने लोकांना उतरवायला घेतले. एक पाळणा या बाजूचा, मग एक समोरचा, म्हणजे माझा तोल जाणार नाही. साहेब धावत आले.

"आत्या, आज? अहो, रांग पार फाटकाबाहेर गेलीय!"

"इथे हात लावा, साहेब."

साहेबांनी हात लावला. मी सरकलो. त्यांच्या तोंडचे पाणीच पळाले. त्यांनी 'बंद'ची पाटी उचलली आणि रांगेसमोर जाऊन स्वतः उभे राहिले. लोक चिडले, बोल लावू लागले. ते हलले नाहीत. ती मुलगी उतरली आणि आत्याला बिलगली.

बेअरिंग उघडल्यावर मेकॅनिकने विचारले, "हा एकाच जागी उभा ठेवला होता का हो?" आत्याला पिवळा पाळणा आठवला आणि ती मटकन खाली बसली. साहेब म्हणाले, "आत्या, तुम्ही फिरवला नसतात तर भंगारवाल्याने केव्हाच नेला असता. चला, उठा."

नवे बेअरिंग बसले. आता पहिली रिकामी फेरी रोज होते. पण आत्याने अट घातली, "पहिल्या दिवशी मात्र पिवळ्यात तुम्ही बसायचं, साहेब. रांग आवडते ना? वरून बघा."

साहेब बसले. इतकी वर्षे इथे काढली, पण ते माझ्यावर कधी बसलेच नव्हते. वर पोहोचले, फाटकाबाहेरची गर्दी त्यांना दिसली आणि ते एकदम गप्प झाले. आत्याने हसत हसत गाणी बंद केली.

मित्रांनो, मी अजूनही घाबरतो. रोज एवढे जीव माझ्या अंगावर असतात, घाबरायला नको? तुम्ही खुशाल या, भरपूर ओरडा. पण तुमच्यात कोणी गप्प झाले असेल, तर त्याच्यासाठी क्षणभर गाणी बंद करा. तो माणूस असो, नाहीतर माझ्यासारखे जुने लोखंड.